घरपट्टी एकाची, शाळा दुसऱ्याची

आपल्याकडचा एखादा सीनियर एम.एस. करून अमेरिकेत स्थिरावला, की त्याच्या बोलण्यात दोन विषय हमखास येतात. एक व्हिसा आणि दुसरा 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. लग्न नुकतंच झालेलं असतं, मुलाबाळांचा पत्ता नसतो, पण घर बघताना हा गडी आधी तिथली शाळा कशी आहे ते विचारतो. घर जुनं, अंगण एवढंसं, तरी शाळा चांगली म्हणून जास्त किंमत मोजली असं सांगतो. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो. शाळा सरकारी, फी शून्य. मग जास्तीचे पैसे कशाचे?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं, की अमेरिकेतल्या एका जुन्या भांडणापाशी आपण पोचतो. एका बाजूला घरपट्टी भरणारा करदाता, दुसऱ्या बाजूला गावातली शाळा. हे भांडण कॅलिफोर्नियात सगळ्यात मोठं झालं. मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण उद्या त्याच राज्यात जाऊन राहणार आहेत, म्हणून हा लेखप्रपंच. शिवाय पैसा कोण भरतो, तो किती हे कोण ठरवतो आणि कात्री कोणाला लागते, हे तीन प्रश्न कुठल्याही गावात उपयोगी पडतात.

शाळेचा पैसा येतो कुठून?

तिथल्या सरकारी शाळा वॉशिंग्टनहून चालत नाहीत. देशभरात सुमारे तेरा हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. कधी एक गाव, कधी शहराचा एक तुकडा, कधी दोन-चार गावं मिळून एक डिस्ट्रिक्ट होतं. त्याचं स्वतःचं मंडळ असतं आणि ते बहुतेक ठिकाणी लोक निवडून देतात. मंडळ शिक्षक नेमतं, बजेट मांडतं. खर्चाचा ढोबळ हिशेब असा : दहावा हिस्सा केंद्राचा, उरलेल्यातला साधारण निम्मा राज्य सरकारचा आणि निम्मा स्थानिक. या स्थानिक पैशाचा मुख्य झरा म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स, म्हणजेच आपली घरपट्टी.

आपल्याकडेही घरपट्टीच्या बिलावर शिक्षण उपकराची ओळ असते, कोणी ती वाचत नाही एवढंच. राज्याचा हा उपकर १९६२ च्या कायद्याने आला. पण आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा पगार राज्य सरकार देतं. त्यामुळे 'घरपट्टी वाढवू की चित्रकलेचे सर काढू' असा सवाल गावकऱ्यांपुढे कधी येत नाही. अमेरिकेत तो दरवर्षी येतो.

आता यातली गंमत बघा. ज्या आजोबांची मुलं शिकून केव्हाच लांब गेली, त्यांनाही शाळेसाठी घरपट्टी भरावी लागते. आजोबा म्हणतात, पेन्शन तेवढीच, घर विकायचं नाही, मग बाजारात घराची किंमत वाढली म्हणून माझा कर का वाढावा? मी काही घराची वीट विकून बिल भरत नाही. शेजारची आई म्हणते, तुमची मुलं शिकली तेव्हा दुसऱ्या कोणीतरी भरलाच ना? आणि शाळा बिघडली तर तुमच्या घराची किंमत पडेल त्याचं काय? दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून तर वाद मिटत नाही.

मेसच्या हिशेबाने हे लवकर कळतं. मेसचं बिल सगळ्यांत वाटलं जातं, पण कोणी दोन पोळ्यांवर भागवतो आणि कोणी आठ हाणतो. दोन पोळ्यावाल्याने कमिटीत बसून 'फीस्ट बंद करा' म्हटलं, तर त्याला कंजूष म्हणून चालणार नाही. त्याचा मुद्दा ऐकावा लागतो. पण फीस्ट बंद झाल्यावर उपाशी कोण राहतं, तेही बघावं लागतं.

बेव्हर्ली हिल्स आणि बाल्डविन पार्क

लॉस एंजलिस परिसरातली ही दोन गावं. पहिलं सिनेनटांचं म्हणून जगप्रसिद्ध, दुसरं साध्या कामकरी लोकांचं. १९६८-६९ च्या सुमाराचे आकडे कोर्टाच्या निकालात नोंदलेले आहेत. बेव्हर्ली हिल्समध्ये दर १०० डॉलर मूल्यांकनामागे शाळेचा कर होता २.३८ डॉलर. बाल्डविन पार्कमध्ये ५.४८ डॉलर. म्हणजे गरीब गावाचा दर दुपटीहून जास्त. पण एका मुलावर खर्च किती? बेव्हर्ली हिल्समध्ये सुमारे १२३२ डॉलर, बाल्डविन पार्कमध्ये सुमारे ५७७.

जास्त दराने भरूनही निम्म्याहून कमी मिळतं, हे कसं? कॅल्क्युलेटर काढा. बाल्डविन पार्कमध्ये एका मुलामागे गावातल्या मालमत्तेचं मूल्यांकन होतं ३७०६ डॉलर. त्याचे ५.४८ टक्के, म्हणजे जेमतेम २०३ डॉलर. बेव्हर्ली हिल्समध्ये एका मुलामागे ५०,८८५ डॉलर. त्याचे २.३८ टक्के, म्हणजे १२११ डॉलर. दराने काय होतंय, पायाच लहान. राज्याची मदत मिळूनसुद्धा दरी बुजत नव्हती.

जॉन सेरानो नावाच्या एका पालकाने आणि इतरांनी याविरुद्ध दावा लावला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. मुलाला मिळणारं शिक्षण त्याच्या आईबापांच्या आणि शेजाऱ्यांच्या श्रीमंतीवर ठरता कामा नये, असा त्या निकालाचा मथितार्थ. १९७३ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी उलटा कौल दिला. पण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७६ मध्ये स्वतःच्या राज्यघटनेचा आधार घेतला आणि आधीचा निकाल कायम ठेवला. श्रीमंतीमुळे पडणारा खर्चातला फरक मुलामागे १०० डॉलरच्या आत आणा, असं ठरलं.

न्याय झाला. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की श्रीमंत गावाने जास्त घरपट्टी भरली तरी तिचा फायदा गावातल्याच शाळेला मिळण्याची सोय आटत चालली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९७८ चा उठाव

त्याच काळात दुसरीकडे वेगळाच स्वयंपाक शिजत होता. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मालमत्तांची किंमत ठरवणाऱ्या खात्यातला लाचेचा घोटाळा बाहेर आला. पैसे दिले की कंपन्यांचं मूल्यांकन खाली येई. लोक चिडले. १९६६ मध्ये कायदा झाला : यापुढे सगळ्या मालमत्तांचं मूल्यांकन बाजारभावाच्या एकाच ठरावीक प्रमाणात, २५ टक्के, होईल. वशिला बंद.

ऐकायला उत्तम. पण जुन्या पद्धतीत साहेब लोक मतदारांना सांभाळून घेत आणि राहत्या घरांची किंमत कागदावर कमी दाखवत. ती ढिलाई गेली. सत्तरच्या दशकात घरांचे भाव भडकले, तसं बिलही आपोआप भडकू लागलं. कोणी कर वाढवला नव्हता, कोणी ठराव केला नव्हता, तरी बिल चढतंच होतं. पगार, पेन्शन मात्र त्या वेगाने चढत नव्हती. आणि तिकडे राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलरची शिल्लक पडून! 'ज्याचं जळतं त्याला कळतं' म्हणतात, ते इथे अक्षरशः लागू. म्हातारी माणसं घर जाईल या धास्तीत होती. त्यांचा राग खोटा नव्हता.

हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या दोघांनी हा राग बरोबर पकडला. कॅलिफोर्नियात पुरेशा सह्या जमवल्या की एखादा प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवता येतो. त्यांनी बारा लाखांहून अधिक सह्या जमवल्या. ६ जून १९७८ ला 'प्रपोझिशन १३' सुमारे ६५ टक्के मतांनी पास झालं. त्यातली मुख्य कलमं अशी :

१. घरपट्टीचा मूळ दर मालमत्तेच्या किमतीच्या १ टक्क्याच्या वर नाही. (आधी तो सरासरी अडीच टक्क्यांच्या आसपास होता.)

२. किंमत १९७५ च्या पातळीवर मागे नेली. त्यानंतर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ.

३. घर विकलं गेलं, की नव्या मालकासाठी नवी किंमत धरायची.

४. राज्याचे कर वाढवायचे तर विधिमंडळात दोन तृतीयांश मतं हवीत, आणि स्थानिक खास कर बसवायचा तर मतदारांची दोन तृतीयांश मतं.

घरपट्टीचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं.

विल्यम फिशेल या अर्थशास्त्रज्ञाने या दोन गोष्टींची सांगड घातली आहे. त्याचं म्हणणं असं : आपली घरपट्टी आपल्याच शाळेला जाते, शाळेमुळे आपल्या घराची किंमत टिकते, म्हणून लोक कुरकुरत का होईना पण भरत होते. सेरानो निकालाने हा धागा तुटला. मग उरलं ते फक्त बिल, आणि फक्त बिलाला कोण मत देणार? इतर अभ्यासकांना हे पटत नाही. ते म्हणतात, बिलांची चढण एवढी होती की निकाल आला नसता तरी उठाव झालाच असता. वाद अजून चालू आहे. पण आपण कंट्रोल सिस्टीम शिकणारी माणसं. फीडबॅकची वायर काढली तर लूपचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कात्री कुठे लागली?

कायदा करदात्यांसाठी होता, त्यात शाळा हा शब्द मुख्य नव्हता. पण घरपट्टीवर जगणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शाळाच. राज्य सरकारने शिल्लक ओतून पहिलं वर्ष निभावलं, १९७९ मध्ये पैसे वाटपाचा कायमचा कायदा केला. तरी १९७८ च्या उन्हाळी शाळा मोठ्या प्रमाणावर बंद पडल्या. पुढच्या वर्षांत संगीत, चित्रकला, ग्रंथपाल, नर्स, समुपदेशक अशी 'नसलं तरी चालेल' वाटणारी माणसं आधी गेली. शाळा बंद पडत नाही. ती हळूहळू पातळ होते, आमटीसारखी. एका दिवशी फरक कळत नाही.

सत्तरच्या दशकात मुलामागचा कॅलिफोर्नियाचा खर्च देशाच्या सरासरीच्या आसपास होता. नव्वदच्या दशकात तो सरासरीच्या बराच खाली गेला होता. देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक, आणि वर्गात मुलांची गर्दी.

दुसरा बदल जास्त खोल होता. किल्ल्या गावाकडून राजधानीकडे, सॅक्रामेंटोकडे गेल्या. आता शाळेचा पैसा मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून येऊ लागला, आणि ती तिजोरी प्राप्तिकरावर चालते. घरपट्टीचं एक बरं असतं. मंदी आली तरी घर जागेवरच असतं, बिल जातं. प्राप्तिकराचं तसं नाही. शेअर बाजार चढला की तिजोरी भरते, आपटला की रिकामी. त्यामुळे शाळांचं बजेट शेअर बाजाराबरोबर झोके घेऊ लागलं. तिथल्या नियमानुसार पुढच्या वर्षी नोकरी जाण्याची शक्यता असलेल्या शिक्षकाला १५ मार्चच्या आत नोटीस द्यावी लागते. तिला 'पिंक स्लिप' म्हणतात. २००९ च्या मार्चमध्ये हजारो शिक्षकांच्या हाती ती पडली. पुढे काहींच्या नोटिसा मागे घेतल्या गेल्या, पण तोवर दोन महिने तो शिक्षक वर्गात काय मन लावून शिकवणार?

आणि समता? तीही पुरती आली नाही. पालो आल्टोसारख्या काही डिस्ट्रिक्टमध्ये एक टक्का दरानेसुद्धा घरपट्टी एवढी जमते, की राज्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा ती जास्त भरते. वरचे पैसे ते ठेवून घेतात. सुखवस्तू गावांतले पालक फाउंडेशन काढून देणग्या जमवतात. काही गावं दर प्लॉटमागे ठरावीक 'पार्सल टॅक्स' लावतात, पण त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे १०० पैकी ६५ जण हो म्हणाले तरी ३५ जणांचं चालतं. दारातून हाकललेली विषमता खिडकीतून परत आली.

शेजारी शेजारी दोन बिलं

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमाची गंमत. समजा दोन अगदी सारखी घरं आहेत. एकाची १९७५ ची किंमत ५० हजार डॉलर. दरवर्षी २ टक्के वाढ धरली तर ४५ वर्षांनी, म्हणजे २०२० मध्ये, कागदावरची किंमत होते सुमारे १ लाख २२ हजार. कर सुमारे १२२० डॉलर. शेजारचं घर त्याच वर्षी आपल्या एखाद्या सीनियरने १० लाखांना घेतलं. त्याचा कर १० हजार. रस्ता तोच, दिवे तेच, शाळा तीच. बिल आठपट. (गणितासाठी घेतलेले आकडे आहेत, पण तऱ्हा खरी आहे.)

असा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. नॉर्डलिंगर विरुद्ध हान या १९९२ च्या खटल्यात तक्रार करणाऱ्या बाईंनी १९८८ मध्ये लॉस एंजलिसमध्ये १ लाख ७० हजाराला साधं घर घेतलं. त्यांचा कर जुन्या शेजाऱ्यांच्या सुमारे पाचपट होता. मालिबूच्या समुद्रकाठच्या २१ लाख डॉलरच्या घराचा जुना मालक जेवढा कर भरत होता, जवळजवळ तेवढाच या बाई भरत होत्या. कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी कायदा टिकवला. जुन्या रहिवाशाला आपला कर किती येईल याची खात्री असावी, हे कारण त्यांना पुरेसं वाटलं.

दुकानं आणि कारखाने यांनाही हाच नियम लागतो, आणि कंपनी काही म्हातारी होत नाही की घर विकून मुलाकडे जात नाही. २०२० मध्ये मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावून तो पैसा शाळा व स्थानिक संस्थांना द्यावा, असा 'प्रपोझिशन १५' मतदारांपुढे आला. थोडक्यात, सुमारे ५२ विरुद्ध ४८ ने, पडला.

न्यू जर्सीची तऱ्हा

कॅलिफोर्नियाने धागा तोडला. मग जिथे धागा शाबूत आहे तिथे सगळं सुरळीत आहे का? यासाठी दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीत जाऊ. एडिसन, जर्सी सिटीकडे आपली पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत, त्यांना ही गोष्ट पाठ असेल. तिथे घरपट्टी देशात सगळ्यात जास्त, २०२४ मध्ये तिची सरासरी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेली. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांचा. शाळाही देशात वरच्या क्रमांकात गणल्या जातात.

तिथे बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये शाळेच्या बजेटवर दर एप्रिलमध्ये गावकरी थेट मतदान करत. २०१० मध्ये मंदी होती. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी शाळांची राज्याकडून मिळणारी मदत ८२ कोटी डॉलरनी कापली आणि ज्या गावात शिक्षक पगारवाढ थांबवायला तयार नाहीत, तिथे बजेट पाडा असं मतदारांना उघड सांगितलं. जवळजवळ ५९ टक्के बजेटं पडली. एरवी बहुतेक पास होत. पडलेलं बजेट नगरपालिकेकडे जातं आणि तिथे पुन्हा कात्री. २७ एप्रिलला हजारो शाळकरी मुलं वर्ग सोडून बाहेर आली. त्यांना मत नव्हतं, पाय होते.

पुढे तिथे वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा आली, तिला काही अपवाद आहेत. २०१२ पासून, मर्यादेत राहणाऱ्या आणि निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेणाऱ्या डिस्ट्रिक्टना बजेटवर मतदान घ्यावं लागत नाही. दरम्यान मे २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टना ५० कोटी डॉलर द्या, असा आदेश सरकारला दिला. म्हणजे धागा जोडलेला ठेवला तरी गरीब गावासाठी कोर्टाला मध्ये पडावंच लागलं.

मग बरोबर कोण?

'करदाते स्वार्थी' असं म्हणून हा विषय संपत नाही. त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये शाळांना राज्याच्या बजेटमधला किमान हिस्सा बांधून दिला. २००० मध्ये शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायची अट दोन तृतीयांशवरून ५५ टक्क्यांवर आणली. २०१२ मध्ये शाळा वाचवायला स्वतःवर तात्पुरते कर वाढवून घेतले. २०१३ मध्ये राज्याने गरीब आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांमागे जास्त पैसा देणारं सूत्र आणलं, आणि शाळांची परिस्थिती सुधारत गेली. पैसा कुठे जाणार हे स्पष्ट दिसलं, तर लोक भरतात. दिसलं नाही तर चिडतात.

१९७८ ला राग खरा होता, दुखणंही खरं होतं. गरीब म्हाताऱ्यांपुरती सूट देऊन ते बरं करता आलं असतं. त्याऐवजी सगळ्यांना, कंपन्यांनासुद्धा, कायमची सूट मिळाली आणि ती राज्यघटनेत जाऊन बसली. आज कर वाचला तो मतदान करणाऱ्याचा. किंमत मोजली ती दोन जणांनी, ज्यांचं त्या दिवशी मतच नव्हतं : शाळेतलं मूल आणि पुढे येणारा नवा शेजारी. आपला सीनियर तो नवा शेजारी आहे. चांगल्या शाळेसाठी तो एकदा घराच्या किमतीत पैसे मोजतो, मग शेजाऱ्याच्या कित्येक पट घरपट्टीत, आणि वर शाळेच्या फाउंडेशनची देणगी.

आपल्याकडे १ जानेवारी २०२२ ला मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाल्याची घोषणा झाली, तेव्हा आनंद झालाच. लहान घरवाल्याला दिलासा हवाच. पण पालिकेचा दवाखाना आणि पालिकेची शाळा त्याच तिजोरीवर चालते, आणि तिथे जाणारं मूल बहुधा लहान घरातलंच असतं. घोषणेच्या बातमीत त्या शाळेचा उल्लेख किती जणांनी शोधला?

तेव्हा पुढच्या वेळी घरी गेलात, की घरपट्टीची पावती मागून घ्या आणि शिक्षण उपकराच्या ओळीवर बोट ठेवा. मग गावातल्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत एक चक्कर मारून या. फळा, नळ, संडास, वाचनालय बघा. पावती आणि शाळा या दोन्ही गोष्टी ज्याने पाहिल्या आहेत, त्यानेच कर जास्त आहे की कमी यावर वाद घालावा. आणि घालावाच.